रानभाज्यांची छाट कलमे: संजीवक कुठे, किती आणि कधी

कर्टुल्याच्या बिया पेरल्या, तर उगवलेल्या वेलींपैकी साधारण निम्म्या नर निघतात, आणि ते कळते फुले आल्यावर. तोवर मांडव घालून झालेला असतो, खतपाणी झालेले असते. कोकमाचे तर आणखी वाईट. तिथे नर की मादी हे कळायला सात-आठ वर्षे जातात. रानातल्या फळ धरणाऱ्या वेलीची काडी आणून लावली की हा जुगार उरत नाही, कारण काडीपासून होणारे रोप म्हणजे मूळ वेलीची हुबेहूब प्रत: चव तीच, काटे तेवढेच, लिंगही तेच. छाट कलमाचा खटाटोप करायचा तो यासाठी.

बाजारात मिळणारी संजीवकाची, म्हणजे मुळे फुटायला चालना देणाऱ्या द्रव्याची पांढरी पूड काडीच्या बुडाला लावली की मुळे फुटतातच, हा समज मात्र सुरुवातीलाच सोडा. काडीचे वय, कापण्याचा हंगाम आणि हवेतला ओलावा या तीन गोष्टी जमल्या असतील, तर संजीवक मुळ्या लवकर आणि जास्त आणते. त्या जमल्या नसतील तर पूड लावलेली काडी कुजते आणि न लावलेलीही कुजते.

आधी झाड ठरवा

टाकळा (विदर्भातला तरोटा), कुरडू, कवळा, रानमाठ या एका पावसाच्या भाज्या. त्यांना बी हाच मार्ग, छाट कलमाचा विचारही करू नका. फोडशी आणि शेवळा गड्ड्या-कंदांवर येतात. काडीचा प्रश्न येतो तो वेलींचा, झुडपांचा आणि झाडांचा, आणि तिथेही सगळे सारखे नाहीत.

गुळवेल आणि शेवगा यांना संजीवक लागतच नाही. गुळवेलीचा तुकडा कुंपणावर अडकला तरी तो हवेतून लोंबती मुळे सोडतो. नवख्याने हात बसवायला पहिली दहा कलमे हिचीच करावीत. भारंगी, डोडी आणि कर्टुले मधल्या गटात येतात; संजीवकाचा फरक सर्वांत स्पष्ट इथे दिसतो. करवंद अवघड आहे. भोकर, चारोळी आणि कोकम यांच्या जुन्या झाडांच्या काड्यांना मुळे फोडण्यात नवख्याने वेळ घालवू नये. त्यांना डोळे भरणे (रोपाच्या सालीत हव्या झाडाचा डोळा बसवणे) किंवा मृदकाष्ठ कलम (रोपाच्या कोवळ्या खोडावर हव्या झाडाची काडी बांधणे) बरे. वाघाटीची फळे आषाढी द्वादशीच्या सुमारास मिळतात, तेव्हा पिकलेल्या फळातले बी धुऊन लगेच पेरणे हेच सोपे.

झाडाची ओळख पक्की नसेल तर काडी कापू नका. बी गोळा करताना एखादी चूक झाली तर एखादे रोप चुकते. कलमात एका चुकीच्या वेलीची शंभर रोपे होतात आणि ती शंभर घरांत भाजी म्हणून जातात. गुळवेलीच्या जवळच्या नात्यातल्या, खडबडीत गाठींच्या खोडाच्या वेली तिच्या नावाने सर्रास दिल्या जातात. डोडी आणि हरणदोडी या नावांची तर तालुका बदलला की अदलाबदल होते. ज्या बाईने ती भाजी वर्षानुवर्षे रांधली आहे तिला वेल दाखवा, आणि फुला-फळाच्या हंगामात एकदा तपासून मगच त्या वेलीला खुणेची चिंधी बांधा.

कुठून कापायचे हेही पाहा. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानातून काडीसुद्धा आणता येत नाही. राखीव वनात वनखात्याची परवानगी लागते. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात ग्रामसभेला विचारायचे. बांध, गायरानाची कड, ओळखीच्या शेतकऱ्याचे कुंपण इथेच बहुतेकांचे काम भागते. एका वेलीच्या चौथाईपेक्षा जास्त फांद्या घेऊ नका, आणि सगळी रोपे एकाच वेलीची करू नका. आठ-दहा वेगवेगळ्या ठिकाणच्या मातृवेली असल्या तर एका रोगाने सगळी बाग बसत नाही.

संजीवक काडीत काय करते

झाडाच्या शेंड्यात आणि कोवळ्या पानांत ऑक्झिन नावाचे संजीवक तयार होते आणि खाली वाहत येते. फांदी कापली की ते कापाशी साठते. त्याने सालीखालच्या पेशी पुन्हा विभागू लागतात आणि त्यातल्या काहींची मुळे होतात. म्हणजे पाने असलेली काडी स्वतःचे संजीवक स्वतःच बनवत असते. आपण बाहेरून देतो ती भर. सगळी पाने ओरबाडून काढलेली हिरवी काडी संजीवक लावूनही वाळते, ते यामुळे.

झाडातले नैसर्गिक ऑक्झिन उजेडात आणि झाडाच्याच विकरांनी (एन्झाइमांनी) लवकर मोडते. १९३५च्या सुमारास अमेरिकेत प्रयोगशाळेत बनवलेली दोन द्रव्ये मुळे फोडायला जास्त टिकाऊ ठरली, आणि आजही रोपवाटिका त्याच दोन्हींवर चालतात. एक इंडोल ब्युटिरिक आम्ल, म्हणजे आयबीए. दुसरे नॅप्थॅलीन अॅसिटिक आम्ल, म्हणजे एनएए. नवख्याने आयबीए घ्यावे. त्यात मात्रा थोडी चुकली तरी काडी सहन करते. एनएए कोवळ्या काडीला पटकन भाजते.

द्रावण बनवणे

पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. एका लिटरमध्ये १ ग्रॅम म्हणजे १००० पीपीएम, १०० मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम म्हणजेही १०००. एवढे हिशेबाचे सूत्र पुरते.

आयबीएची पूड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि नवख्यांचे बहुतेक अपयश इथून सुरू होते. पूड पाण्यात टाकून ढवळली की ती तळाशी बसते, वरचे पाणी नुसते पाणीच राहते आणि काडी त्यात बुचकळली जाते. आधी अल्कोहोलमध्ये विरघळवा. प्रयोगशाळेची रसायने विकणाऱ्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळते, ते चालते. रंग घातलेले स्पिरिट आणि हात धुण्याचे जेल चालत नाही.

घरच्या खिशातल्या काट्यावर १०० मिलिग्रॅम नीट मोजता येत नाही, पाच-दहा मिलिग्रॅम इकडेतिकडे होतातच. म्हणून पूर्ण १ ग्रॅम मोजा आणि एकदाच कडक मूळ द्रावण करून ठेवा:

१ ग्रॅम आयबीए काचेच्या भांड्यात ५० मिलिलिटर अल्कोहोलमध्ये ढवळून पूर्ण विरघळवा. द्रव काचेसारखा नितळ दिसला पाहिजे. मग उकळून गार केलेले किंवा बॅटरीसाठी मिळणारे शुद्ध पाणी थोडेथोडे घालत एकूण १०० मिलिलिटर करा. हे झाले १०,००० पीपीएम.

कामाच्या दिवशी यातून हवे तेवढे पातळ करायचे. ५ मिलिलिटर मूळ द्रावणात अल्कोहोल-पाणी घालून एकूण ५० मिलिलिटर केले की १००० पीपीएम, १५ मिलिलिटर घेऊन ५० केले की ३०००, आणि २५ घेऊन ५० केले की ५०००. पातळ करायलाही निम्मे अल्कोहोल आणि निम्मे पाणी असेच मिश्रण वापरा. नुसते पाणी ओतले तर द्रावण दुधासारखे गढूळ होते, म्हणजे विरघळलेले आयबीए पुन्हा कणांच्या रूपात बाहेर पडले. गढूळ द्रावणाची खरी मात्रा काय हे कोणीच सांगू शकत नाही, त्यामुळे ते टाकून नवे करा. पन्नास मिलिलिटरमध्ये तीन-चारशे काड्या आरामात होतात.

आयबीएचे पोटॅशियम क्षार रूपही मिळते. ते थेट पाण्यात विरघळते आणि त्यात अल्कोहोलने कोवळी काडी भाजण्याची भीती नसते. वेलींसाठी परवडत असेल तर हेच घ्या. फक्त त्यात पोटॅशियमचे वजन धरलेले असते, म्हणून १०० मिलिग्रॅम आयबीएच्या जागी साधारण १२० मिलिग्रॅम मोजा.

पूड हवी असेल तर १०० ग्रॅम शुद्ध, बिनवासाची शंखजिऱ्याची पूड घ्या. सुगंधी टाल्कम नको. १००० पीपीएमसाठी १०० मिलिग्रॅम आणि ३०००साठी ३०० मिलिग्रॅम आयबीए अल्कोहोलमध्ये विरघळवा, पुडीत कालवून लापशी करा, अंधारात पसरून वाळवा आणि बारीक चाळणीने दोनदा चाळा. पूड लावायला सोपी, पण काडीला किती चिकटली ते दर वेळी वेगळे. सारखे निकाल हवे असतील तर द्रावणच बरे.

शेतकऱ्यांकडे फूलगळीवर फवारायचे ४.५ टक्के एनएए बहुधा असतेच. ते ४५,००० पीपीएम असते, म्हणून १ मिलिलिटर घेऊन पाण्याने ४५ मिलिलिटर केले की १००० पीपीएम होते. ते बनवलेले असते फवारणीसाठी आणि छाट कलमाची शिफारस लेबलवर नसते. कठीण काडीवर करून पाहायला हरकत नाही, वेलीवर नको.

मूळ द्रावण गडद रंगाच्या बाटलीत, नाव-मात्रा-तारीख लिहून, मुलांच्या हाताला न लागेल असे गार अंधारात ठेवले तर काही महिने चालते. कोरडे आयबीए फ्रीजमध्ये ठेवा, पण बाटली बाहेर काढल्यावर अर्धा तास तशीच राहू द्या आणि मग उघडा, नाहीतर आत दव धरते. काड्या बुचकळून झालेले द्रावण परत बाटलीत ओतायचे नाही. त्यात चीक, माती आणि बुरशी गेलेली असते. हातमोजे घाला, अल्कोहोलजवळ शेगडी नको, आणि या कामाचे भांडे पुन्हा स्वयंपाकघरात नको.

काडी निवडणे आणि कापणे

जून झाडाच्या वरच्या, फळे धरणाऱ्या फांद्या मुळे सोडायला सर्वांत आळशी. बुडातून नुकते फुटलेले धुमारे सर्वांत तत्पर. म्हणून घाई नसेल तर करवंदासारख्या झुडपाची एक-दोन खोडे जानेवारी-फेब्रुवारीत जमिनीपासून हातभर उंचीवर छाटा आणि पावसाळ्यात जे सरळ धुमारे येतील त्यांच्या काड्या घ्या. या एका गोष्टीने जो फरक पडतो तो संजीवकाची मात्रा दुप्पट करून पडत नाही.

फांदीची पक्वता हाताने ओळखा. वाकवली तर नुसती लवते ती कोवळी. वाकवताना कटकन मोडते पण साल अजून हिरवी असते ती अर्धपक्व. वाकतच नाही आणि साल तपकिरी झालेली असते ती पक्व. पावसाळी कलमांसाठी अर्धपक्व फांदी सर्वांत भरवशाची, हंगाम जूनअखेर ते ऑगस्ट. पानझड झुडपांच्या पक्व काड्या जानेवारी-फेब्रुवारीत, नवी पालवी फुटण्यापूर्वी. फुलावर किंवा फळावर असलेली फांदी घेऊ नका, तिचा सगळा साठा तिकडे लागलेला असतो.

सकाळी ऊन चढण्यापूर्वी कापा. सिकेटर (छाटणीची कात्री) आणि ब्लेड स्पिरिटने पुसून घ्या, दर झाडानंतर पुन्हा पुसा. कापलेल्या फांद्या ओल्या गोणपाटात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि दुपारपर्यंत लावून टाका. दुचाकीच्या हँडलला लटकवून उन्हावाऱ्यात आणलेली फांदी हिरवी दिसली तरी आतून सुकलेली असते.

काडी पेन्सिलीच्या जाडीची, १२ ते १५ सेंटिमीटर लांब, तीन-चार पेरांची. वेलींना दोन-तीन पेरे पुरेत. खालचा काप पेराच्या लगेच खाली सरळ, वरचा काप डोळ्याच्या एक सेंटिमीटर वर तिरपा. ही तिरकी-सरळची सवय लावून घ्या. पन्नास काड्यांच्या ढिगात वर कोणते नि खाली कोणते हे पाने काढल्यावर कळत नाही, आणि उलटी लावलेली काडी मुळे धरत नाही. खालची पाने आणि काटे काढा, वरची दोन पाने ठेवा, मोठी असतील तर अर्धी कातरा. पक्व काडीच्या बुडाला दोन बाजूंनी दोन सेंटिमीटर साल ब्लेडने हलकी खरवडा. संजीवक आत जायला वाट होते आणि मुळे त्या चिरेतून फुटतात.

करवंद, डोडी आणि कुड्यासारख्या चिकाच्या झाडांत आणखी एक पायरी आहे. कापल्यावर बूड पंधरा-वीस मिनिटे साध्या पाण्यात उभे करा, चीक थांबला की ओल्या कापडाने पुसा. चिकाचा थर वाळला तर तो काप बुजवतो आणि वर कितीही संजीवक लावले तरी ते बाहेरच राहते.

बुचकळणे

काड्या आधी कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या द्रावणात (लिटरला १ ग्रॅम) पाच-दहा मिनिटे ठेवा आणि सावलीत पाणी निथळू द्या. रासायनिक बुरशीनाशक नको असेल तर माध्यमात (काडी लावायच्या मिश्रणात) ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळा. दोन्ही एकत्र करू नका: कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्मालाही मारते, आणि दोन्हींचे पैसे वाया जातात.

मग लहान बाटलीत दोन सेंटिमीटर उंचीपर्यंत द्रावण ओतून काडीचे फक्त बूड पाच ते दहा सेकंद बुडवा. घड्याळ लावून मोजा, अंदाजाने दहाची तीस सेकंदे होतात. अल्कोहोल उडून जायला एक-दोन मिनिटे द्या आणि लावा. कोवळ्या वेलीला ५०० ते १००० पीपीएम, अर्धपक्व काडीला १००० ते ३०००, पक्व काडीला ३००० ते ५००० असे धरून चाला. करवंदासारख्या हट्टी पक्व काडीला ८००० पर्यंत जातात, पण ती पहिली मात्रा नव्हे. पूड वापरत असाल तर बूड किंचित ओले करून टेकवा आणि टिचकी मारून जास्तीची झाडून टाका. थर जाड बसला की मुळे जास्त येतील हा हिशेब इथे चालत नाही, उलट बूड काळे पडते.

घरगुती उपायांबद्दल विचारणा होतेच. मध आणि दालचिनी बुरशीला थोडा अटकाव करतात, मुळे फोडत नाहीत. नारळाच्या पाण्यात कोंब फोडणारी संजीवके जास्त असतात आणि ती मुळांच्या विरुद्ध जातात. कोरफडीचा गर लावून सोप्या काड्या जगतात, पण त्या तशाही जगल्या असत्या.

आणि हे कळण्यासाठीच दर वेळी एक ओळ बिनसंजीवकाची लावा. ऐंशी काड्या असतील तर वीस नुसत्या, वीस १०००च्या, वीस ३०००च्या, वीस ५०००च्या. आठ आठवड्यांनी उपटून मोजा: किती जगल्या, किती मुळे, किती लांब. नुसत्या वीसपैकी तेरा लागल्या आणि ३०००च्या वीसपैकी चौदा, तर त्या झाडाला संजीवकाची गरज नाही आणि पुढच्या वर्षी तो खर्च वाचला. तुमच्या गावची हवा, तुमचे पाणी आणि तुमची वेल यांचा आकडा दुसऱ्या कोणाच्या वहीत नसतो.

माध्यम आणि ओलावा

धुतलेली जाड नदीची वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मे-निम्मे. कोकोपीटमध्ये खार असतो, म्हणून ते दोन-तीन पाण्यांत भिजवून पिळून घ्या. समुद्राची वाळू नको. शेणखत, गांडूळखत, लाल माती यातले काहीही या टप्प्यावर नको: मुळे नसलेल्या काडीला खताचा उपयोग नाही, बुरशीला मात्र आहे. मिश्रणावर उकळते पाणी ओतून गार होऊ द्या. मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब पडावा इतकाच ओलावा हवा. धार लागली तर जास्त झाला.

आधी काठीने भोक पाडा, मग काडी सोडा. थेट खुपसली तर बुडाचे संजीवक वाळूला पुसले जाते. दोन पेरे आत, दोन बाहेर, भोवतीचे मिश्रण बोटांनी घट्ट दाबा.

काडीला मुळे नाहीत, म्हणजे पाणी ओढता येत नाही, पण पाने पाणी सोडत राहतात. त्यामुळे ओलावा मातीपेक्षा हवेत हवा. फवारे असलेले मिस्ट चेंबर नसले तरी चालते. ट्रेवर बांबूच्या कामट्यांची कमान करून पातळ प्लॅस्टिक चारी बाजूंनी दाबून टाका आणि वर ७५ टक्क्यांचे शेडनेट. पाच-दहा काड्या असतील तर पाण्याच्या बाटलीचे बूड कापून ती उपडी ठेवली तरी पुरे. आतून दव धरलेले दिसले पाहिजे. या प्लॅस्टिकवर थेट ऊन पडले तर अर्ध्या तासात आतल्या काड्या अक्षरशः उकडून निघतात. कलमे मरण्याचे हे सर्वांत सामान्य आणि सर्वांत टाळता येण्यासारखे कारण.

कोकणात जुलैमध्ये हवा आधीच ओली असते. तिथे प्लॅस्टिक पूर्ण बंद ठेवले तर बुरशीचे पांढरे जाळे धरते, म्हणून रोज सकाळी दहा मिनिटे कड उचलून वारा द्या आणि वर पावसाला आडोसा करा. मराठवाडा-विदर्भात पावसाची उघडीप पडली की हवा एकदम कोरडी होते, तिथे कमान उघडूच नका. गळालेले पान दिसले की मात्र लगेच उचला.

वाट पाहण्याचे आठवडे

दोन-तीन आठवड्यांत कापाशी पांढरट गाठ धरते, त्याला कॅलस म्हणतात. चार ते आठ आठवड्यांत मुळे. मधेच वरचे डोळे फुटून नवी पाने येतात आणि नवखा आनंदाने काडी उपटून पाहतो. ती पाने काडीतल्या साठ्यावर आलेली असतात, मुळांचा पुरावा नव्हे. काडी दोन बोटांत धरून अगदी हलके वर ओढा. अडून राहिली तर मुळे आहेत. ट्रेच्या खालच्या भोकांतून पांढरे टोक दिसले तर आणखी खात्री.

बिघडले तर काय बिघडले हे काडीच सांगते. चार-पाच दिवसांत पाने गळाली तर हवा कोरडी होती किंवा काडी आणतानाच सुकली होती. बूड मऊ, काळे आणि वास येणारे असेल तर पाणी जास्त, माध्यम घट्ट. बूड कोरडे तपकिरी आणि त्यावर नेमकी बुचकळल्याची रेष उमटलेली असेल तर मात्रा किंवा अल्कोहोल कडक झाले, पुढच्या वेळी निम्म्यावर या. मोठी कॅलसची गाठ आली पण मुळे नाहीत, तर काडी बहुधा जून होती किंवा पाणी क्षारट. पावसाचे पाणी साठवून वापरा. मुळे भरपूर पण वरचे डोळे महिनोन्महिने झोपलेले, हेही जास्त मात्रेचेच लक्षण. आणि ट्रेमधल्या एका कोपऱ्यातल्याच काड्या मेल्या असतील, तर संजीवकाला दोष देण्याआधी तिथे ऊन किंवा थेंब पडतो का ते पाहा.

मुळे तीन ते पाच सेंटिमीटर झाली की ५ × ७ इंची पिशवीत हलवा: दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेले शेणखत. पहिला आठवडा पुन्हा प्लॅस्टिकखाली, मग रोज थोडा वेळ कड उघडत दहा दिवसांत पूर्ण मोकळे करा, मग ५० टक्के सावलीत महिनाभर. ही पायरी गाळली की मुळे फुटलेली निम्मी रोपे पहिल्या उघड्या दुपारी माना टाकतात.

झाडागणिक थोडेसे

कर्टुले (विदर्भातले काटवल): फुलाखाली बारीक खडबडीत फळासारखी गाठ असते ती मादी, नुसता देठ असतो तो नर. फुले आल्यावर वेलींना चिंध्या बांधा. वेलीचा मधला, ना कोवळा ना जून भाग, दोन-तीन पेरे, ५०० ते १००० पीपीएम, शक्यतो पोटॅशियम रूप किंवा पूड. इथे घड्याळ उलटे चालते. थंडीत वेल सुकते, आणि तोवर काडीने जमिनीत छोटा कंद धरला नाही तर पुढच्या जूनमध्ये काहीच उगवत नाही. म्हणून गेल्या वर्षी चिंधी बांधलेल्या वेलीच्या काड्या या वर्षी जुलैतच घ्या, सप्टेंबरची काडी लागली तरी फुकट. दर आठ-दहा माद्यांमागे एक नर लावायला विसरू नका.

भारंगी: फुलोऱ्याआधीची अर्धपक्व फांदी, १००० ते २००० पीपीएम. मोठी पाने निम्मी कातरा, ती ओलावा झपाट्याने घालवतात.

डोडी: चीक धुऊन, दोन-तीन पेरे, १००० पीपीएम.

करवंद: बुडाचे धुमारे, साल खरवडून, ३००० ते ५०००. दहातल्या तीन-चार लागल्या तरी वाईट नाही. कमी रोपे हवी असतील तर गुटी कलम सरस. जून-जुलैत पेन्सिलीएवढ्या फांदीची अडीच-तीन सेंटिमीटर रुंद साल गोलाकार काढा, वरच्या काठाला आयबीएची पूड लावा, ओले शेवाळ गुंडाळून प्लॅस्टिक घट्ट बांधा. फांदी झाडावरच असल्याने ती सुकत नाही, आणि शेवाळातून मुळे दिसली की कापून घ्यायची.

वास्त्यांसाठी (भाजीच्या कोवळ्या कोंबांसाठी) काटस बांबू: याची रीत वेगळी. मार्च-एप्रिलमध्ये एक-दोन वर्षांच्या काठीचे दोन पेरांचे तुकडे करा, मधल्या पोकळ कांड्याला वरून लहान खाच पाडा, आत १०० पीपीएम एनएएचे सुमारे १०० मिलिलिटर द्रावण ओता, खाचेवर प्लॅस्टिक बांधा आणि तुकडा वाफ्यात आडवा, खाच वर ठेवून पुरा.

कोकम: छाट कलमाचा नाद सोडून मादी झाडाचे मृदकाष्ठ कलम करा, पण काडी सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची घ्या. आडव्या फांदीची काडी बांधली तर झाड उंच न होता जमिनीसरशी पसरत राहते.

रोपे जागेवर लावायची ती पुढच्या पावसाच्या सुरुवातीला. संजीवक लावलेल्या काडीवरची मूळची पाने खुडून भाजीत घालू नका. पहिला हंगाम वेलीला वाढू द्या, दुसऱ्या पावसात नव्या फुटीची खुडणी करा, आणि तेव्हाही प्रत्येक फांदीवर वरची चार पाने ठेवा.